मोसंबीची बाग आणि टी-पेशी

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर माझा चुलत भाऊ पैठण तालुक्यातून सकाळच्या एसटीने घरी आला. चहा अर्धा पिऊन झाला तरी बोलेना. मग म्हणाला, "दादा, तू इतिहासाचा मास्तर. डॉक्टरकीचं मला नको सांगू, ते समदे सांगतेत. एवढंच सांग, हे नवं औषध खरं हाय का? चार एकर बाग इकायची म्हणतोय. इकू का नको?"

त्याचा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रक्ताचा कर्करोग, बी-पेशींचा. अडीच वर्षं केमो झाली. कधी शहरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, कधी मुंबईला. बरा झाला म्हणून पेढे वाटले. वर्षाच्या आत आजार उलटला. डॉक्टरांनी आता जे सुचवलं होतं त्याचं नाव भावाच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: कार-टी.

बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. पानिपतावर कोण चुकलं हे मला विचारा, दोन तास बोलेन. या प्रश्नाला मात्र उत्तर देता आलं नाही. चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि मला जे एकच काम येतं ते केलं. आधी काय काय झालं ते शोधलं.

मनमाडला गाडी बदलून

शोध घेताना पहिला थांबा माझ्या स्वतःच्याच घरात होता. १९७९. आमची धाकटी बहीण अकरा वर्षांची, मी चौदाचा. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर निळे डाग दिसू लागले. आजी म्हणाली उष्णता आहे. घाटीत रक्त तपासल्यावर वडिलांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं गेलं. तेव्हा औरंगाबादहून मुंबईला जायचं म्हणजे मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठायचं आणि तिथे गाडी बदलायची. वडील आणि आई तिला घेऊन परळला गेले. मी घरी आजीजवळ राहिलो.

ती परत आली तेव्हा तोंड सुजून गोल झालं होतं आणि भूक राक्षसासारखी लागत होती. ते स्टिरॉइडमुळे, हे मला आता कळतं. तेव्हा आम्हाला वाटलं, पोरगी बाळसं धरतेय. चार महिने ती खरोखर बरी होती. शाळेत गेली, लंगडी खेळली. मग सगळं परत आलं आणि दिवाळीच्या आधी ती गेली. 'कॅन्सर' हा शब्द आमच्या घरात तिच्या तेराव्यानंतरही कुणी उच्चारला नाही. मला तो 'आनंद' सिनेमामुळे ठाऊक होता. त्यातल्या राजेश खन्नाच्या आजाराचं नाव सगळ्यांना पाठ होतं. तो आजारही याच कुळातला, लसिकापेशींचा. सिनेमात मरणारा माणूस हसत होता. आमच्या घरात कुणी हसत नव्हतं.

ते चार महिने कुठून आले, हा प्रश्न मला सेहेचाळीस वर्षांत पडला नव्हता. भावाच्या प्रश्नामुळे पडला.

सोळांतली दहा मुलं

त्या चार महिन्यांचं मूळ १९४८ सालच्या बॉस्टनमध्ये आहे. तोवर मुलांच्या तीव्र ल्युकेमियावर औषधच नव्हतं. निदान झाल्यावर काही आठवडे किंवा काही महिने, एवढीच गोष्ट. सिडनी फार्बर नावाच्या डॉक्टरांनी अमिनोप्टेरिन हे रसायन अशा सोळा मुलांना दिलं. दहा मुलांमध्ये आजार मागे हटला. हे रसायन ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथे संशोधनाचं नेतृत्व करत होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं.

त्या दहांपैकी जवळपास सगळ्यांचा आजार काही महिन्यांतच उलटला. फार्बरांवर त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी टीका केली, की मरणाऱ्या मुलांचे हाल कशाला लांबवता? पण 'मागे हटतो' हे एकदा दिसल्यावर पुढची माणसं थांबली नाहीत. एकाला दुसरं औषध जोडलं, दुसऱ्याला तिसरं. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात.

माझी बहीण या वाटेवर मध्येच कुठेतरी सापडली. औषधं होती. ती कशी गुंफायची, किती काळ द्यायची, मेंदूत दडलेल्या पेशींचं काय करायचं, हे ज्ञान परदेशात जमत होतं, आपल्याकडे पोचत होतं. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतले इयन मॅग्राथ यांनी १९८४ मध्ये 'एमसीपी ८४१' नावाची उपचारपद्धती सुरू केली. त्याआधी आपल्याकडे अशा मुलांपैकी पाचातलं एकही दीर्घकाळ वाचत नसे. त्या पद्धतीने हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. त्याच्या वर्षभर आधी, २० मार्च १९८३ रोजी, त्याच रुग्णालयात अडवाणींनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. ल्युकेमिया झालेल्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली.

हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ गच्चीवर बसलो. भावाची मज्जा. आणि १९८४ म्हणजे पाच वर्षं. पाच वर्षांत आमची धाकटी सोळाची झाली असती.

वेरूळचा नरसिंह

प्रत्यारोपणाने एक गोष्ट शिकवली होती: परक्याच्या मज्जेतून आलेल्या रोगप्रतिकारक पेशी कर्करोगाच्या पेशी मारू शकतात. मग आपल्याच पेशी का मारत नाहीत? कारण कर्करोग बाहेरून आलेला नसतो. तो घरातलाच असतो, घरातलेच कपडे घालून फिरतो.

शरीरातल्या टी-पेशी हे खरे मारेकरी. पण त्यांना शत्रू एका विशिष्ट ताटात वाढून दाखवावा लागतो आणि कर्करोगाच्या पेशी ते ताटच लपवतात. दुसरीकडे प्रतिपिंडं असतात. ती पेशीच्या पृष्ठभागावरची खूण थेट पकडतात, ताटाची वाट पाहत नाहीत. पण टी-पेशीसारखी मारण्याची ताकद त्यांच्यात नसते. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये या दोघांचा सांधा जुळवला. बाहेर प्रतिपिंडाची पकड, आत टी-पेशीचा मारा. अशा जोडरचनेला 'कायमेरिक' म्हणतात, ग्रीक पुराणातल्या सिंह, शेळी आणि साप एकत्र असलेल्या प्राण्यावरून. 'कार'मधला 'का' तो.

आपल्याला ग्रीसला जायची गरज नाही. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, दशावतारात, नरसिंह आहे. शाळेची सहल घेऊन मी तिथे किती वेळा उभा राहिलोय. हिरण्यकशिपूला वर होता की माणसाकडून मरण नाही, पशूकडून नाही. म्हणून दोन्ही नसलेलं आणि दोन्ही असलेलं रूप घ्यावं लागलं. भावाला मी कार-टी समजावली ती हीच गोष्ट सांगून. तो म्हणाला, "म्हंजे खांब फोडून बाहेर निघणार. पर मंग आवरणार कोण?"

हा प्रश्न त्याने सहज विचारला. शास्त्रज्ञांना तो विचारायला बरीच वर्षं लागली.

एशहारांच्या पहिल्या पेशी गाडीला किल्ली मारल्यासारख्या सुरू होत आणि बंद पडत. शरीरात टिकत नसत. पुढच्या दशकात मिशेल सादलेन, दारिओ कँपाना आदींनी आत आणखी एक भाग जोडला, तेव्हा त्या टिकू लागल्या, वाढू लागल्या. लक्ष्य ठरलं 'सीडी १९', म्हणजे बी-पेशींच्या अंगावरची एक खूण. ती रोगट बी-पेशींवर असते तशी निरोगी बी-पेशींवरही असते. म्हणजे औषध दोन्ही मारणार. पण बी-पेशींशिवाय माणूस जगू शकतो. त्या तयार करतात ती प्रतिपिंडं बाहेरून देता येतात. हृदयाशिवाय किंवा यकृताशिवाय जगता येत नाही. म्हणून हा उपचार रक्ताच्या कर्करोगात आधी साधला. फुप्फुस किंवा स्तनाच्या कर्करोगात अशी सोयीची खूण मिळवणं अजून अवघड आहे.

२०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने पहिले रुग्ण घेतले. त्यातले बिल लुडविग हे तुरुंगातले निवृत्त अधिकारी. त्यांचा आजार गेला आणि दहा वर्षांनीही त्या पेशी त्यांच्या रक्तात सापडल्या. मग एप्रिल २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी आली, माझ्या पुतण्यासारख्याच, दोनदा उलटलेल्या ल्युकेमियाची. पेशी दिल्यावर तिला इतका ताप चढला की व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. नरसिंह आवरेना. रक्तात 'आयएल-६' हा दाह पेटवणारा रेणू प्रचंड वाढलेला दिसला. त्यावरचं एक औषध संधिवातासाठी बाजारात आलं होतं. जून यांना ते ठाऊक होतं, कारण त्यांच्या मुलीला लहानपणापासूनचा संधिवात होता. ते औषध दिल्यावर काही तासांत ताप उतरू लागला. एमिली शुद्धीवर आली तो तिचा सातवा वाढदिवस होता.

परळ, पवई, खारघर

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने या उपचाराला परवानगी दिली. किंमत चार लाख पंचाहत्तर हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपये. रुग्णालयाचा खर्च वेगळा. आमच्या तालुक्यात एवढ्या पैशांत मोसंबीच्या किती बागा येतील याचा हिशोब मी केला आणि सोडून दिला.

पण तोवर मुंबईत काम सुरू झालं होतं. राहुल पुरवार २०१३ मध्ये हार्वर्डहून पवईच्या आयआयटीत आले. त्यांच्या प्रयोगशाळेत अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर यांच्यासारखे पीएचडीचे विद्यार्थी होते. टाटाचे डॉ. गौरव नरूला आणि डॉ. हसमुख जैन रुग्णांच्या बाजूने सामील झाले. त्यांनी परदेशी रचना विकत घेतली नाही, स्वतःची केली. बाहेरची पकड मूळ उंदराच्या प्रतिपिंडाची असते, ती त्यांनी माणसाच्या प्रतिपिंडासारखी घडवली. पेशीत जनुक पोचवणारा, दात काढून टाकलेला विषाणूही इथेच तयार केला. २०१८ मध्ये 'इम्युनोॲक्ट' कंपनी निघाली. जून २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या शेपटाला, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार १९' या नावाने पंधरा वर्षांवरच्या रुग्णांसाठी परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला त्याचं लोकार्पण झालं. किंमत चाळीस लाखांच्या आसपास. अमेरिकेच्या साधारण दहावा हिस्सा.

वर्तमानपत्रांनी 'स्वस्त' हा शब्द वापरला. तो खराही आहे आणि नाहीही. राज्याच्या महात्मा फुले योजनेचं कवच वर्षाला पाच लाखांचं. चाळीसातून पाच गेले की पस्तीस उरतात, हे गणित चौथीतलं पोरही करतं.

मधला आकडा

आता भावाच्या प्रश्नाकडे. मार्च २०२५ मध्ये या भारतीय उपचाराच्या चाचणीचे निकाल 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आले. ज्यांच्यावर परिणाम मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांत आजार हटला किंवा बराच कमी झाला. दोन मृत्यू उपचारामुळे झाले. ज्यांना गुण आला त्यांच्यात तो टिकण्याचा मधला आकडा ल्युकेमियात सहा महिने, लिम्फोमात चार.

सहा महिने. हे वाचल्यावर मला आमच्या धाकटीची लंगडी आठवली.

मधला आकडा म्हणजे काय ते मी भावाला घरातल्या शेंगदाण्यांनी समजावलं. दाणे ओळीत मांडले, मधला उचलला. निम्म्यांना याच्याहून कमी, निम्म्यांना याच्याहून जास्त. त्या जास्तवाल्यांत काही वर्षानुवर्षं राहतात. अमेरिकेच्या मुलांवरच्या चाचणीतही ८१ टक्क्यांचा आजार तीन महिन्यांत गेला होता, पण वर्षभर आजार न उलटलेली निम्मीच होती. काहींना मिळालेल्या वेळात दुसऱ्याची मज्जा देता येते. आपला पोरगा कोणता दाणा, हे आधी सांगता येत नाही.

इतिहासाचा माणूस म्हणून मला इथे मोह होता. सांगावंसं वाटत होतं, की बघ, १९४८ ची ती दहा मुलंही काही महिनेच टिकली, पण तिथूनच पुढे दहातली नऊ वाचायला लागली. हे खरंच आहे. पण त्या दहा मुलांना त्याचा काय उपयोग झाला? इतिहास ज्यांच्या बाजूने बोलतो ती नंतर जन्मलेली माणसं असतात. माझ्या बहिणीच्या वेळी कुणी वडिलांना म्हणालं असतं, की पाच वर्षांनी याची रीत बसणार आहे, तर वडिलांनी त्याला काय उत्तर दिलं असतं?

म्हणून मी मोठ्या गोष्टी सांगितल्या नाहीत. चार दिवसांनी गावी गेलो आणि बागेत बसून एवढंच म्हणालो, "औषध खरं आहे. खात्रीचं नाही. सगळी बाग विकू नकोस. धाकटी पोरगी आहे, तिचंही शिक्षण आहे. आधी डॉक्टरांना विचार, पेशी घेईपर्यंत आजार आटोक्यात राहील का, आणि गुण आला तर पुढे मज्जेचं काय. त्यांनी हो म्हटलं तर दोन एकर. बाकीचं आपण जमवू."

भावजय तोवर गप्प होती. ती म्हणाली, "भाऊजी, दोन एकरांत नाही झालं तर?" मी म्हणालो, "तर मला विचारायला येऊ नका. तुम्हीच ठरवाल, आणि ते बरोबर असेल."

रोजचं एक वाक्य

दोन एकर गेले. दोन धर्मादाय संस्था, नातेवाईक, मुलाच्या कॉलेजातल्या पोरांची वर्गणी, माझ्या फंडातले काही. भाऊ आणि मी देवगिरीने मुंबईला किती खेपा केल्या ते मोजले नाही. त्या गाडीत रात्री फाइलींच्या पिशव्या घेतलेली माणसं ओळखू येतात. जालन्याची, परभणीची, नांदेडची. पिशवी उशाखाली ठेवून झोपतात.

आधी यंत्रातून त्याचं रक्त फिरवून टी-पेशी वेगळ्या काढल्या. त्या प्रयोगशाळेत गेल्या. नवं जनुक बसवून, वाढवून, तपासून परत यायला काही आठवडे. तो काळ सगळ्यांत वाईट. मग जुन्या पेशी विरळ करायला थोडी केमो, म्हणजे नव्यांना जागा. आणि मग ज्या दिवसासाठी दोन एकर विकले तो दिवस: एक छोटी पिशवी, सलाइनसारखी, अर्ध्या तासात संपली. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढंच?"

तिसऱ्या दिवशी ताप चढला. संधिवाताचं ते औषध दिलं. मेंदूवर परिणाम होतोय का हे बघायची तिथली रीत मला माहीत नव्हती. रोज विचारतात, तू कुठे आहेस, वर्ष कोणतं, हे काय आहे, शंभरपासून दहा दहाने उलटं मोज. आणि एक वाक्य लिहायला लावतात. रोज तेच. पहिल्या दिवशी त्याला म्हणाले, काहीही लिही. त्याने लिहिलं: आमच्या गावाला दिवसातून दोन एसटी येतात.

नर्स केरळची, तिला मराठी वाचता येत नव्हतं. ती फक्त कालच्या कागदाशी आजचं अक्षर ताडून बघायची. मी मात्र आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या. चौथ्या दिवशी ओळ खाली घसरली. पाचव्या दिवशी 'आमच्या गावाला' एवढंच, आणि पुढे पेन नुसतं ओढलेलं. त्याला स्वतःला ते कळत नव्हतं. लिहून झालं म्हणून त्याने कागद पुढे केला. नर्सने तो घेतला आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. स्टिरॉइड सुरू झालं, तेच, १९७९ चं. आठव्या दिवशी 'एसटी'पर्यंत पोचला. दहाव्या दिवशी पूर्ण वाक्य, सरळ ओळीत, शेवटी टिंबसुद्धा.

महिन्याने मज्जा तपासली. आजार दिसला नाही. तीन महिन्यांनीही नाही. आता सात महिने झाले. त्याच्या रक्तात बी-पेशी नाहीत, म्हणून ठरावीक दिवसांनी प्रतिपिंडाचं सलाइन लागतं आणि साध्या सर्दीलाही घर घाबरतं. लग्नाला, जत्रेला जायची बंदी. सहा महिने ओलांडले म्हणजे सुटला, असं कुणी डॉक्टर म्हणत नाही. बहिणीची मज्जा जुळते, असं तपासणीत आलंय. ती घ्यायची की थांबायचं, यावर पुढच्या महिन्यात बोलणं आहे. ती पोरगी चौदा वर्षांची आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "दुखत असंल का?" डॉक्टरांनी तिला खरं सांगितलं, थोडं दुखतं.

त्या दहा कागदांची चळत भावाने खताच्या पावत्यांबरोबर डब्यात ठेवली आहे. परवा बागेत गेलो होतो. उरलेल्या दोन एकरांत मोसंबीला आंबे बहार धरलाय. पोरगा मास्क लावून बांधावर बसला होता, पाटाला पाणी सोडलेलं बघत. मला बघून म्हणाला, "मोठेपप्पा, एक एसटी बंद झाली गावाची. दुपारची."